दोन तारे, एक इच्छा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पेपर मिलच्या माल-रवानगीच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढल्यावर माझ्यात नेमकं काय कमी आहे, हे सरकारला आत्ता समजलं. साहित्य. मिल बंद पडलेल्यांना नवं काही शिकवायची योजना आहे, त्यात मी नर्सिंग घेतलं. बावन्नाव्या वर्षी मला नर्स व्हायची हौस नाही, पण मिल गेल्यावर माणसाला काहीतरी व्हावं लागतं. तर नर्स होण्याआधी एक नाटक वाचून त्याविषयी वर्गापुढे बोलता आलं पाहिजे. पेशंटची नाडी सापडली नाही तर त्याला नाटकाचा आशय सांगायचा असणार.

पहाटे चार ते अकरा सुपरमार्केटच्या बेकरीत डोनटवर साखरेचा पाक चढवते. दुपारी एकला कॉलेज. अंगाला गोड वास येत असतो. शेजारी बसते ती पोरगी, ब्रिन मिशो, पहिल्या दिवशी हळूच म्हणाली की तुमच्याजवळ बसलं की भूक लागते. एकोणीस वर्षांची आहे, बटाटे भरायच्या शेडमध्ये शनिवार-रविवार काम करते आणि तिलाही नर्सच व्हायचंय, पण खरोखरचं. त्या एका वाक्यानंतर दोन आठवडे काही बोललेली नाही.

शिकवायला मिस्टर हॅस्केल. 'मला ब्लेन म्हणा' असं तो सगळ्यांना सांगतो. माझ्या मुलीहून दोन वर्षांनी मोठा. मी मिस्टर हॅस्केलच म्हणते, त्याचा चेहरा पडतो, आणि माझा तास जरा बरा जातो.

नाटक धरणाचं आहे. दरीत पाणी भरणार, गाव उठणार, आणि अ‍ॅग्नेस नावाची एक विधवा घर सोडत नाही. तीन अंक नाही म्हणते. मला पहिल्याच अंकात पटलं होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज नियम सांगितले. प्रत्येकाने नाटकातली एक बाजू घेऊन दहा मिनिटं बोलायचं. ऐकणाऱ्यांनी गुलाबी कागदावर अभिप्राय लिहायचा: दोन तारे आणि एक इच्छा. दोन गोष्टी आवडल्या त्या तारे. एक गोष्ट बदलावी असं वाटलं ती इच्छा. 'चूक' हा शब्द वापरायचा नाही. 'वाईट' तर नाहीच. कागदावर आपलं नाव घालायचं नाही, म्हणजे मोकळेपणाने लिहिता येईल, असं मिस्टर हॅस्केलचं मत. कागद पाकिटात घालून बोलणाऱ्याला द्यायचे. अभिप्राय दिल्याचे दहा टक्के गुण.

मिलमध्ये माझ्या वरचा ग्रॉंडमेझों अभिप्राय द्यायचा तेव्हा खिडकीच्या काचा हलायच्या. तारे वगैरे काही नव्हतं. मीही खालच्यांना तसाच देत होते. सव्वीस वर्षांत आमच्याकडून एक रीळ चुकीच्या गाडीत गेलं नाही.

घरी रेनेला सांगितलं. नवरा गराजमध्ये स्क्रू निवडत बसतो. मिलमधून आणलेले, बापाचे, सासऱ्याचे, सगळे लांबीप्रमाणे वेगवेगळ्या बरण्यांत. चौदा महिने चाललंय. ऐकून म्हणाला, "बरं आहे." त्याच्याकडून एवढाच अभिप्राय येतो. तारा की इच्छा ते कळत नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

गेज नावाच्या मुलाने नेपथ्यावर बोलून सुरुवात केली. खोक्यातून घर करून आणलं होतं, धुराडं वाकडं. दहातली सहा मिनिटं पडद्यावर चित्र उमटायची वाट बघण्यात गेली. मी लिहिलं: "तारा एक : खोकं मजबूत होतं. तारा दोन : वेळेत संपलं. इच्छा : वसंतात चिखलात रुतलेल्या ट्रकसारखं हे भाषण कुणीतरी दोर लावून बाहेर ओढावं."

मजा आली. खोटं कशाला बोलू, एवढी मजा मिल बंद झाल्यापासून आली नव्हती. पेन हातात घेतलं की माझा हात अजून सुरेख चालतो. चर्चच्या शाळेत तिसरीत मादाम मिशोने फूटपट्टी मारून शिकवलेलं कर्सिव्ह. शब्द संपेपर्यंत हात उचलायचा नाही. मिलमध्ये माझ्या पावत्या फ्रेम करण्यासारख्या आहेत असं ड्रायव्हर म्हणायचे. (ही मादाम मिशो ब्रिनची कुणी असेलच असं नाही. आमच्या गावात खडा टाकला तर मिशोलाच लागेल.)

पोरांची एक गंमत पाहिली. पाकीट मिळालं की कागद टेबलावर पसरतात, फोनने पटापट फोटो काढतात आणि कागद कचऱ्याच्या डब्यात. वाचायचं नंतर, म्हणे. गेजने मात्र माझा कागद घडी करून खिशात ठेवला. मला जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज ब्रिन. विषय अ‍ॅग्नेस. काय बोलली ते देव जाणे आणि पहिल्या बाकावरचे दोघे. कागद तोंडासमोर धरला होता, म्हणजे दहा मिनिटं आम्ही एका कागदाला दोन पाय फुटलेले बघत होतो. पाचव्या मिनिटाला तिचं पान चुकलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. मग थांबली. मिस्टर हॅस्केलने टाळ्या वाजवल्या, मग पोरांनी वाजवल्या. मला या टाळ्यांची चीड आहे. पहाटे तीनपासून उठलेल्या बाईची दहा मिनिटं अशी घ्यायची आणि वर टाळ्या.

मी लिहिलं, आणि इथे उतरवून ठेवते, कारण चांगलं जमलंय:

"दोन तारे मागितलेत, आकाश ढगाळ आहे. आवाज : नव्हता. तयारी : कागदाची होती, मुलीची नव्हती. इच्छा : पुन्हा लोकांचा वेळ घेण्याआधी हिने घरी बसून ठरवावं, की आपल्याला इथे यायचं होतं का. बटाट्याला निदान बोलावं लागत नाही."

संध्याकाळी जेवताना रेनेला वाचून दाखवलं. त्याने प्लॉयला, आमच्याकडच्या धिरड्याला, लोणी लावायचं थांबवलं. कुत्र्याला फिरवून आणतो म्हणाला. कुत्रा नोव्हेंबरमध्ये गेला.

मंगळवार, ११ मार्च

ब्रिनची खुर्ची रिकामी. फ्लूची साथ आहे.

गुरुवार, १३ मार्च

खुर्ची रिकामी. मिस्टर हॅस्केल म्हणाला की तिचा काही निरोप नाही. नापास झालेल्यांना एक संधी आहे, एक मेपर्यंत पुन्हा बोलून दाखवायचं. ते केलं नाही तर ब्रिन या विषयात गेली, आणि हा विषय गेला तर नर्सिंग गेलं. मग मावशीच्या शेडमध्ये कायमची, असं तिने त्याला आधी कधीतरी सांगितलं होतं. हे मला का सांगितलं माहीत नाही. शेजारी बसते म्हणून असेल.

मी म्हटलं, हल्लीच्या मुलांना काही सोसत नाही. तो म्हणाला, "कदाचित तसं असेल, लॉरेट." 'कदाचित' म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता.

गुरुवार, २० मार्च

कॉलेजला सुट्टी. मुलीचा, सिलेस्टचा, फोन. नातीला वाढदिवसाचं कार्ड पोचलं. सिलेस्टने तिला वाचून दाखवलं, ती इतकी खूश झाली की उशीखाली ठेवून झोपली. मला नवल वाटलं, कारण मी लिहिलं होतं की नऊ वर्षांची झालीस, आता खोली आवरायला शीक, तुझ्या आईला अजून येत नाही. असो. शिस्त मुलांना आवडते, हे मी किती वर्षं सांगतेय.

बर्फ काळं पडलंय. रेने गोठलेल्या नदीवरचं आमचं मासेमारीचं खोपटं ओढून आणायला गेला होता. नदीवरचं बर्फ तडकायला लागलं की ओढता येत नाही. तीन तासांनी नुसताच परत आला. गेज आणि त्याच्या काकांनी आधीच ओढून काठाला लावून ठेवलं होतं, म्हणे. मी विचारलं, मग तीन तास काय केलंस? म्हणाला, बसलो.

मंगळवार, १ एप्रिल

खुर्ची अजून रिकामी. आता मान्य करते, मला झोप नाही. डोनटच्या दोन ट्रेवर पाकच चढवला नाही. सुपरवायझर तेवीस वर्षांची आहे, म्हणाली, "मिसेस थेरियो, तब्येत बरी आहे ना?" तिच्या वयाच्या पोरीला मी मिलमध्ये असताना काय म्हटलं असतं ते आठवलं आणि दोन्ही ट्रे परत ओढून घेतले.

तास सुटल्यावर गेजला गाठलं. खोपटं ओढल्याबद्दल आभार मानले आणि मग सहज म्हणून विचारलं, ती मिशोची मुलगी दिसत नाही, तिला अभिप्राय लागले का काय?

"कुठले अभिप्राय? आम्ही सगळ्यांनी 'छान, जरा मोठ्याने' एवढंच लिहिलं होतं."

"आणि माझा?"

तो एवढासा झाला. टोपी काढून परत घातली. मग म्हणाला, "मिसेस थेरियो, रागावू नका. तुमचं आम्हाला वाचता येत नाही. ते जुनं जोडून लिहिलेलं असतं ना, ते आम्हाला शाळेत शिकवलंच नाही. पण दिसतं फार सुंदर. एकदम लग्नपत्रिका. माझा कागद आईने फ्रिजवर लावलाय."

मी विचारलं, मिस्टर हॅस्केल तरी वाचतो ना? गेज म्हणाला, ब्लेन नुसतं बरोबरची खूण करतो. त्यालाही येत नसावं, पण तो सांगणार नाही.

म्हणजे पाच आठवडे मी जीव ओतून जे लिहिलं, ते आता कुणाच्या तरी फ्रिजवर दुधाच्या यादीशेजारी शोभेला लावलंय. चिखलात रुतलेला ट्रक. गेजच्या आईला आवडला.

गाडीत बसून आधी हसले. मग लक्षात आलं की ब्रिनलाही वाचता आलं नसणार. मग थोडा वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. थकवा, दुसरं काय.

गुरुवार, ३ एप्रिल

ब्रिन आली. हातात केकचा तुकडा, रुमालात गुंडाळलेला, माझ्यासाठी. आजी पडली होती, खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना, मग वृद्धाश्रम, मग आजीची खोली रिकामी करायची. घरी करणारी हीच. महिनाभराच्या रिकाम्या खुर्चीचं कारण फ्लू नव्हता आणि मीही नव्हते. एवढं मोठं पाप करूनही मी कुणाच्या खिजगणतीत नव्हते, हेही जरा लागलंच.

मग ती म्हणाली, "तुमचे आभार मानायचे होते. तुमचा कागद मला वाचता येईना, म्हणून आजीकडे, मेमेकडे, नेला. तिला ते अक्षर येतं. तिने भिंग लावून वाचून दाखवला."

मी घशाखाली केक ढकलला आणि विचारलं, काय लिहिलं होतं मी?

तिला पाठ होतं. खाली बघत, एका सुरात म्हणाली: "आवाज हळू आहे, पण खरा आहे. अ‍ॅग्नेसविषयी तुला जे कळलंय ते वर्गात दुसऱ्या कुणाला कळलेलं नाही. कागद खाली धरलास तर तू दिसशील. पुन्हा कर. मला ऐकायचंय."

मग म्हणाली, मी सोडणार होते, मावशीला सांगूनही झालं होतं. आता तीस एप्रिलपर्यंत तयारी करून एक मेला पुन्हा बोलणार आहे.

मी म्हटलं, बरं आहे. रेनेचा शब्द वापरला.

गुरुवार, १० एप्रिल

ब्रिन आता तासाआधी येऊन बसते आणि बोलते. बोलायला लागली की थांबत नाही, हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. आज वही दाखवली. मेमे तिला कर्सिव्ह शिकवतेय. वहीभर गोल, आकडे, वेलांट्या काढल्यासारखी अक्षरं, सगळी वाऱ्यात वाकलेल्या कुंपणासारखी. हवंय कशाला हे, असं मी विचारलं. म्हणाली, तुमचा कागद मला स्वतःला वाचायचाय. मेमेने वाचला तो वेगळा, आपण वाचणं वेगळं.

मी तिला सांगितलं की त्या कागदात विशेष काही नाही, दे इकडे, मी तुला सुट्या अक्षरांत लिहून देते. ती हसली. कागद मेमेच्या ड्रॉवरमध्ये आहे, म्हणाली. सगळी अक्षरं आली की काढणार.

छोटी अक्षरं सव्वीस, मोठी सव्वीस. आठवड्याला आठ शिकते. मिलमध्ये गाड्यांचं वेळापत्रक मी बोटावर मोजत असे. हेही मोजलं. छोटी झाली की कागद वाचायला पुरतात. महिनाअखेर, फार तर.

मंगळवार, १५ एप्रिल

रेनेसमोर माझं भाषण म्हणून पाहिलं. मलाही सहा मेला बोलायचंय. माझाही विषय अ‍ॅग्नेसच आहे. बदलून घ्यायचा आळस केला. मी म्हटलं, ही बाई हट्टी आहे, पाणी उंबऱ्याला लागलं तरी जेवणाचं टेबल मांडते, एक ताट जास्त ठेवते, असं असं.

रेने बरणीचं झाकण फिरवत म्हणाला, "हट्टी नाही ती. नव्या घरात ते टेबल कुठे मांडायचं, हे तिला कळत नाहीये."

एकत्र राहायला लागल्यापासून एवढं मोठं वाक्य त्याने एका दमात बोलल्याचं आठवत नाही. मी वहीत लिहून घेतलं. मग त्याला कागदाची गोष्ट सांगितली, सगळी. तो म्हणाला, जा आणि सांग तिला. मी म्हटलं, कुणाला, पोरीला? म्हणाला, पोरगी आणि तिची आजी, दोघींपैकी जिला सांगणं जास्त अवघड वाटतंय तिला.

मंगळवार, २२ एप्रिल

ईस्टर झाला. सिलेस्ट येऊन गेली. नातीने खोली आवरायला घेतलीय, म्हणे. मी सिलेस्टला विचारणार होते की कार्डात तू काय वाचलंस. विचारलं नाही. नातीच्या बॅगेत ते कार्ड जपून ठेवलेलं होतं, एवढं पाहिलं.

वर्गात ब्रिन आज माझ्या शेजारी नव्हती, एक खुर्ची सोडून पलीकडे. तिथे ऊन येतं. वही आणली नव्हती. कर्सिव्ह कुठवर आलं विचारलं तर म्हणाली, चाललंय. डोळे सुजलेले होते. शेडमध्ये धूळ फार असते.

गुरुवार, २४ एप्रिल

आज वृद्धाश्रमात गेले. कॉरिडॉरमध्ये उकडलेल्या कोबीचा वास. शेवटच्या खोलीत, खिडकीशी, चाकाच्या खुर्चीत बसलेली बाई मी दारातूनच ओळखली. तीच मादाम मिशो. ओदील मिशो, तिसरी 'ब', फूटपट्टी.

मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "लॉरेट सिर." सिर हे माझं माहेरचं आडनाव तीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. "खिडकीकडची. पाठ वाकवून बसायचीस. अजून तशीच उभी आहेस."

मी पाठ सरळ केली. बावन्न वर्षांची बाई, हातात डोनटचा डबा, आणि पाठ सरळ केली.

म्हटलं, "मादाम, तुम्ही ब्रिनला माझा कागद वाचून दाखवलात."

"दोनदा वाचला. आधी मनात, मग मोठ्याने."

"दोन्ही वेळा तोच मजकूर नव्हता."

"दुसऱ्यांदा दुरुस्त करून वाचला. चाळीस वर्षं वह्या तपासल्यात, सवय जात नाही." मग डब्यातला एक डोनट निवडून घेतला, सावकाश. "अक्षर बघताक्षणी कळलं माझ्या हाताखालचं आहे. 'टी' तर अगदी मी काढायचे तसा. त्या अक्षरात लिहायचं काय, ते शिकवायचं राहून गेलं बघ. तिसरीत वेळ पुरत नाही."

मी विचारलं, मग तिला वाचायला का शिकवता? एक दिवस वाचेल ना.

ती म्हणाली, ब्रिन मागते आणि माझ्याजवळ द्यायला आता दुसरं काही उरलेलं नाही. खोली रिकामी केली, भांडी वाटली, एवढंच डोक्यात राहिलंय. आणि कागदाची काळजी करू नकोस. तो मी फाडला. तुकडे जेवणाच्या ट्रेमध्ये कुस्करलेल्या बटाट्याखाली दडपले, ट्रे गेला. पोरीला सांगितलं, खोली बदलताना हरवला.

हे ऐकून खुर्चीत बसले ती बसलेच. केवढा हलका वाटला दिवस. पण म्हातारीने सोडलं नाही. म्हणाली की मी त्या पोरीला तुझ्या नावाने एक गोष्ट सांगून बसलेय, की तुला ऐकायचंय. एक तारखेला जाऊन ऐक. आणि या वेळी असं लिही की मला दुरुस्त करावं लागू नये, माझे डोळे गेलेत.

निघताना म्हणाली, "दोन तारे द्यायचे असतात ना तुमच्यात? तुझं अक्षर छान आहे. हा एक. दुसरा शोधतेय."

गुरुवार, १ मे

ब्रिन बोलली. कागद आणला होता, पण टेबलावर पालथा ठेवला. आवाज पहिल्या मिनिटाला थरथरला, मग नाही. म्हणाली, अ‍ॅग्नेसला सगळे म्हणतात की तू इथे का राहतेस, इथे तुझं काय आहे, पाणी येतंय. आणि नाटकभर कुणीही तिला विचारत नाही की तू जेवलीस का. म्हणून ती स्वतःच जास्तीचं ताट मांडते. विचारणारा कधी आलाच तर तो उपाशी राहू नये. म्हणाली, लोक आपल्याला नको ते बोलतात तेव्हा निघून जायचे दोन मार्ग असतात, दाराने आणि मनाने. अ‍ॅग्नेस दोन्हींनी जात नाही.

पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. दुसरीकडे बघायची भीती वाटत असणार बिचारीला.

मिस्टर हॅस्केलने टाळ्या वाजवल्या तेव्हा मी आधीच वाजवत होते.

मग गुलाबी कागद. सुट्या अक्षरांत, एकेक उचलून, ठेवून. पहिलीतल्या पोरासारखं. हात शब्दाच्या मधेच पळायला बघत होता, त्याला धरून ठेवावं लागलं. बाकीचे निघून गेले, मी लिहितच होते. "तारा एक : ताटाचं मला कळलं नव्हतं. मी नाटक चार वेळा वाचलंय. तारा दोन : तू दिसलीस. इच्छा" इथे बराच वेळ थांबले. बदलावं असं काही नव्हतं. शेवटी लिहिलं, "इच्छा : मी आजारी पडले तर नर्स तू असावीस."

पास झाली ती. खुर्ची परत शेजारी ओढून बसली. ऊन कमी झालं असेल तिकडचं.

मंगळवार, ६ मे

माझी दहा मिनिटं संपली. रेनेचं टेबल सांगितलं. मिलमध्ये माझं टेबल खिडकीशी होतं, ते आता कुठे असेल मला माहीत नाही, हेही निघून गेलं तोंडातून. तयारीत नव्हतं. रेने मागच्या रांगेत बसला होता, हातात टोपी. सांगून आला नव्हता.

पाकीट गाडीत उघडलं. "छान." "भारी." "जरा हळू." "स्लाइड हव्या होत्या." गेजने लिहिलं होतं, "तुम्ही रडवलंत, बरोबर नाही, तरी दोन तारे."

आणि एक कागद फिक्या पेन्सिलीने, कर्सिव्हमध्ये. ओळ सोडून खाली घसरलेली अक्षरं, 'टी' अगदी म्हातारीचा. इथे उतरवते.

"तारा एक : तुम्ही टेबलाचं सांगितलं तेव्हा कुणी फोनला हात लावला नाही. तारा दोन : माझ्यासाठी तुम्ही सुटं लिहिलंत, त्याला फार वेळ लागला असणार. इच्छा : मार्चमधल्या तुमच्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. ईस्टरच्या आदल्या दिवशी मला तो पूर्ण वाचता आला. मेमेला हे सांगू नका. तिला वाटतं तिने छान वाचला. वाचलाच होता."

रेने गाडी चालवत होता. घराच्या वळणाला गाडी वळवायची सोडून सरळ नदीपर्यंत नेली आणि काठाला थांबवली. बर्फ सगळं गेलंय. बसलो.

गुरुवार, ८ मे

बेकरीतून सुटून वृद्धाश्रमात. डबा नेला. म्हातारीने डब्याकडे पाहिलंही नाही; म्हणाली, ब्रिनने तुला माझ्या अक्षरात लिहिलंय असं कळलं, आणलंस का? आणलं होतं. पर्समध्येच होतं, दोन दिवस.

तिने भिंग लावलं, कागद नाकाशी नेला, उजेडाकडे फिरवला. मग माझ्याकडे दिला. "पेन्सिलीचं मला दिसत नाही. वाच."

शेजारच्या पलंगावरची बाई झोपली होती. मी पाठ सरळ केली आणि वाचलं. पहिला तारा होता तसा वाचला. दुसऱ्यावर आले आणि म्हटलं, "तारा दोन : तुमचं अक्षर मला मेमेमुळे वाचता येतं." मग इच्छा. कागदावर बोट ठेवून, शब्दागणिक सरकवत, कारण ती बोटाकडे बघत होती. "इच्छा : या उन्हाळ्यात मेमेने मला मोठी अक्षरंही शिकवावीत. रोज. सुट्टी न घेता."

खिडकीबाहेर कुणीतरी व्हीलचेअरच्या उतारावरची वाळू झाडत होतं, हिवाळ्यात बर्फावर टाकलेली.

"अक्षर कसं आहे?" तिने विचारलं.

"ओळ सोडते. वळण तुमचं आहे."

"मोठी अक्षरं," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण चाचपडून उघडलं. "वाचायला बरी लागलीस, लॉरेट. तिसरीत अडखळायचीस." डोनट काढून अर्धा तोडला आणि मोठा भाग माझ्या हातावर ठेवला. "हा दुसरा तारा."